“कोण वापरतंय तो प्रोग्राम?”

मंडळी, आज चाकणला आमच्या कंपनीत टेस्टिंग मशीन अडलं. त्याचं जुनं विंडोज सॉफ्टवेअर आम्ही लिनक्सवर व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे पीसीच्या आत चालणाऱ्या नकली पीसीत, चालवतो. यूएसबी केबल जोडली, तरी टेस्टिंग मशीन तिथे दिसेचना. माल खोळंबला.

पीसीच्या नोंदींचा लॉग पाहिला. अंधांसाठीच्या ब्रेल प्रोग्रामनं केबल ब्रेल यंत्राची समजून धरून ठेवली होती. नेटवर एकच उपाय, प्रोग्राम उडवा.

“उडव की राव! कोण वापरतंय?” सुपरवायझर म्हणाले.

“मी वापरते,” आमच्याच विभागातल्या कविताताई म्हणाल्या. त्यांना दिसत नाही. याच पीसीला ब्रेल यंत्र जोडून त्या रिपोर्ट बोटांनी वाचतात.

सुपरवायझर ओशाळले. “थांब, नको उडवू.”

मग मी एवढी एकच केबल सोडून द्यायचा नियम त्या प्रोग्रामला घातला. वेळ गेला, पण मशीनही चाललं आणि ताईंचं कामही.

तुमच्याकडे असं काही उडवण्याआधी कुणी विचारतं का?