बाबांसाठी समुद्राचं स्थळ

लोक ग्रीसला हनिमूनला जातात, फोटो काढायला जातात. मी गेले ते वडिलांसाठी स्थळ बघायला. स्थळ म्हणजे समुद्र. ऐंशीला टेकलेला, बायको गेलेला, होडी विकलेला आणि जीभ मात्र शाबूत असलेला एक कोळी; त्याला उरलेले दिवस काढता येतील असा एखादा बरा किनारा मिळाला की मी सुटले, असा माझा सरळ हिशेब होता.

ही वेळ आली, कारण आमचं अर्नाळ्याचं घर दर पावसाळ्यात थोडं थोडं समुद्रात जातं. आधी मागचे माड गेले. मग बोंबील सुकवायच्या बांबूंची जागा गेली. मग न्हाणीघर गेलं. दरवर्षी कोणीतरी पुढारी येतो, पाण्याकडे बोट दाखवून फोटो काढतो आणि बंधारा मंजूर झाल्याचं सांगून जातो. इतक्या वेळा मंजूर झालेला बंधारा खरोखर बांधला असता, तर एव्हाना तो गुजरातला पोचला असता. बाबांना मी विरारला माझ्या फ्लॅटवर आणून पाहिलं. चार दिवसांत ते एकटेच बस पकडून परत गेले. कारण काय, तर तिसऱ्या मजल्यावरून समुद्र दिसत नाही, आणि पाणी येतं तेही टँकरने.

मग दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, फोनवर उदार मन दाखवलं. दादा तरुणपणी जहाजावर गेला आणि ग्रीसच्या उत्तरेला हाल्किडिकी नावाच्या भागात उतरला, तो उतरलाच. तिथल्याच मुलीशी लग्न केलं, सासऱ्याची किनाऱ्यावरची खानावळ हाती घेतली. आई गेली तेव्हा दहाव्याला आला आणि तेराव्याचं जेवून गेला. तो म्हणाला, बाबांना इकडे आण, माझ्या दारातच समुद्र आहे, कागदपत्रांचं मी बघतो. बाबा कधीच तयार होणार नाहीत असं मला वाटलं होतं. पण त्यांनी फक्त अट घातली. आधी किनारे बघीन, पसंत पडला तर राहीन.

आमच्या इमारतीत ही बातमी पसरल्यावर मला निळ्या घुमटासमोरच्या फोटोंच्या फर्माईशी आल्या. दादाच्या भागात तसले घुमट नाहीत म्हटल्यावर, मग ग्रीसला जाऊन उपयोग काय, असं शेजारणीने तोंडावर सांगितलं. बाबांनी बॅगेत दोन लेंगे आणि उरलेल्या जागेत सुके बोंबील भरले. तिथल्या विमानतळावर अधिकाऱ्याने ती बॅग उघडली आणि न सांगता स्वतःच बंद केली.

हाल्किडिकी म्हणजे जमिनीने समुद्रात घातलेली तीन बोटं. दादा मधल्या बोटावर राहतो. त्या बोटाला इतके किनारे, की दर वळणावर एक नवा, आणि एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा नाही. दादाने गाडी काढली आणि दाखवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. मुलीकडची माणसं जशी पोहे पुढे करतात तसा तो एकेक किनारा पुढे करत होता, आणि बाबा मुलाकडच्या आत्यासारखे नाक मुरडत होते.

पहिला किनारा लांबच लांब, पांढऱ्या वाळूचा, त्यावर छत्र्या आणि खाटांच्या रांगा. खाटेवर बसलं की माणूस येऊन पैसे मागतो. बाबांनी विचारलं, वाळू कोणाची? दादा म्हणाला, सरकारची. मग हा कोण? दादाने पाकीट काढून पैसे दिले. मला वाटलं होतं, उघड्या अंगाने पडलेल्या बायका बघून बाबा वैतागतील. त्यांनी बघितलंही नाही. कासोटा मारून मांडीभर चिखलात राबणाऱ्या बायकांत जन्म गेलेला माणूस तो. त्यांची तक्रार वेगळीच होती. इतकी धडधाकट माणसं भर दुपारी आडवी पडलीयत, तर कामाला गेलंय कोण?

दुसऱ्या ठिकाणी वाळूच नव्हती. सोललेल्या वालांसारखे गुळगुळीत गोटे. परदेशी मंडळी त्यावर हाय-हुय करत वाकडी-तिकडी चालत होती आणि याला निसर्गाचा आनंद म्हणत होती. बाबांनी चप्पल काढली, दोन पावलं टाकली, परत घातली. इथे होडी ओढली तर तिचा तळ राहणार नाही, एवढंच बोलून ते गाडीत जाऊन बसले. 'कळवतो' असंसुद्धा म्हणाले नाहीत.

तिसरा किनारा बघून मी मात्र पाघळले. पाण्यापर्यंत उतरलेली पाइनची झाडं, आणि पाणी असं की तळाचा खडा न् खडा मोजावा. आमच्याकडच्या पाण्यात उभं राहिलं तर स्वतःचे गुडघे दिसत नाहीत. शनिवार-रविवारी रिसॉर्टातून बाहेर पडलेली जनता वेफर्सच्या पिशव्या सोडून जाते, त्या तेवढ्या दिसतात. मी भारावून बाबांकडे पाहिलं. ते वास घेत होते. हवेचा घेतला, मग ओंजळीत पाणी घेऊन त्याचा घेतला. वासच नव्हता. ज्या पाण्याचा तळ वरून दिसतो त्यात मासा राहीलच कशाला, असं त्यांनी विचारलं. दादा दुखावला. वीस वर्षं ज्या पाण्याची बढाई मारली ते पाणी बापाने बादलीतल्या पाण्याच्या लायकीला आणून ठेवलं होतं.

शेवटी दादाच्या दारातलाच किनारा उरला. लहानसा, करड्या वाळूचा, बाजूला कोळ्यांच्या पाच-सहा होड्या. खानावळीपुढे दोरीवर ऑक्टोपस वाळत घातले होते, कपड्यांसारखे चिमटे लावून. बाबा थबकले. जवळ जाऊन त्यांनी एक ऑक्टोपस उलटवला, मागची बाजू उन्हाला केली, मग दुसरा, मग तिसरा. वहिनी दारात उभी राहून बघत होती. तिला मराठी येत नाही, बाबांना मराठीखेरीज काही येत नाही. तिने येऊन चौथा उलटवला. त्या रात्री बाबा दादाच्या घरी नीट जेवले. बिनमसाल्याच्या भाजलेल्या माशावर त्यांनी बोंबलाचा चुरा घालून घेतला, पण जेवले. मी मनातल्या मनात एका माणसाचंच परतीचं विमान पकडलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, इथली सुकती कधी? सुकती म्हणजे ओहोटी. दादाने सांगितलं, इथे ओहोटी जवळजवळ नसतेच. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू पोरगं कामातून गेलं. दिवसभर भट्टीपुढे उभं राहणाऱ्याला पाण्याकडे बघायला वेळ कुठला, हा त्यांचा निष्कर्ष. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे त्यांना पाळण्यात असल्यापासून ठाऊक. पौर्णिमा आठवड्यावर होती. पौर्णिमेचं उधाण आणि पौर्णिमेची सुकती बघून काय ते सांगतो म्हणाले. आठवडाभर दादा खुशीत होता. मीही होते.

पौर्णिमेला बाबांनी वहिनीकडून मोडक्या छत्रीचा दांडा मागून घेतला, पाण्याच्या कडेला वाळूत रोवला आणि समोर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले. घड्याळ अजून अर्नाळ्याच्याच वेळेवर होतं. चंद्र काय देश बघून घड्याळ फिरवतो का, असं त्यांचं म्हणणं. येणाऱ्याजाणाऱ्यांना तो काहीतरी भारतीय पूजाविधी वाटला, आणि दोघींनी लांबून हातही जोडले. वहिनीने तिकडची कॉफी आणून दिली. तिच्या तळाला गाळ असतो. बाबा म्हणाले, या देशात चिखल सापडला तो पेल्यात.

सकाळची दुपार झाली, दुपारची संध्याकाळ झाली. पाणी दांड्यापाशी होतं तिथेच होतं. फार तर चार बोटं इकडचं तिकडे. दादा अंगावरचा एप्रन न काढताच बाहेर आला. त्याला वाटलं, आपण जिंकलो.

"बघितलं ना बाबा? हे पाणी कधी घरात येणार नाही."

बाबा दांड्याकडेच बघत होते.

"येनार नाय, खरं हाय. पन जानार पन नाय. आपलं पानी जातं, त फिरून येतं. तू गेलास नि हितलं पानी झालास."

दादा आत गेला आणि कांदे चिरत बसला. गिऱ्हाईक एकही नव्हतं. वहिनीने मला खुणेनेच विचारलं, काय म्हणाले? मीही खुणेनेच सांगितलं, मासा अळणी होता म्हणतात. मला बाबांचा राग आला, दादाचा आला, आणि सगळ्यात जास्त राग आला तो बाबा खोटं बोलले नव्हते याचा. आईच्या आजारपणात रात्री जागवताना मी हेच शब्द शोधत होते.

येताना बाबांनी तो दांडा मागितला. लोक ग्रीसहून ऑलिव्हचं तेल आणतात, आम्ही मोडक्या छत्रीचा दांडा आणला. तो त्यांनी घरामागे, माडाच्या उरलेल्या खुंटापाशी रोवला आणि मला वचन दिलं. पाणी या दांड्यापर्यंत आलं, की मुकाट्याने विरारच्या फ्लॅटवर येईन. मी दादाला कळवलं. तेव्हापासून दादा दर रविवारी फोन करतो आणि एकच विचारतो, पाणी दांड्यापर्यंत आलं का? बाबा सांगतात, नाय. हा माणूस खोटं बोलत नाही, म्हणून मीही निर्धास्त होते.

परवाच्या रविवारी फोनच्या वेळी मी तिथेच होते. बाहेर भिंतीला पाणी लागून गेल्याची ओल होती. दादाने विचारलं, बाबा म्हणाले, नाय. मी दांडा बघायला मागे गेले तर खुंटही नाही आणि दांडाही नाही. न्हाणीच्या दगडांपाशीही नाही. दांडा सापडला स्वयंपाकघरात. फरशीत रोवता येत नाही म्हणून रंगाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून, गॅसच्या शेगडीशेजारी उभा. मी बाबांच्या हातून फोन घेतला, कॅमेरा चालू केला आणि दादाला तो डबा दाखवला.

 दादाने विचारलं, पुढचं उधाण कधी आहे? बाबांनी बोटांवर तिथी मोजून सांगितली. दादा म्हणाला, त्याच्या आधी येतो, या वेळी परतीचं तिकीट काढत नाही.

फोन ठेवल्यावर बाबा उठून शेगडीपाशी गेले. मी आता भांडायचंच ठरवून तोंड उघडलं, तेवढ्यात तेच बोलले.

"बाय, तो डबा भायेर ने. दादा झोपंल कुठं?"