कॉस्टिकच्या पिंपातलं हेड

मी एकदा एका माणसाचं पोट उकळत्या कॉस्टिक सोड्यात बुडवलं, वर झाकण ठेवलं आणि चहा प्यायला बसले.

तेव्हा मी पस्तिशीची, स्वतःला निम्मी मेकॅनिक समजणारी. उल्हासनगरात आमचं गॅरेज. इंजिन खोललं की बिडाचे भाग गरम कॉस्टिकच्या पिंपात जायचे आणि वर्षांचं काजळ सोडून लख्ख निघायचे. ते काम माझं. गिऱ्हाईकं म्हणायची, "वहिनींचा हात लागला की लोखंड उजळतं." बाई टम्म फुगलेल्या!

मांजर्लीत पुराचं पाणी शिरलं तेव्हा तिथल्या एका टॅक्सीवाल्याची जुनी गाडी ओढून आणली. इंजिनात नदीचा गाळ, घरातही गाळ. आता चूल पेटायची ती गाडीवरच. नवऱ्याने हेड, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचा ठोकळा, काढून ठेवलं आणि वॉल्व्ह आणायला निघताना बजावलं, "हेडला हात लावू नकोस." म्हणजे लावायलाच हवा. उचललं तर हलकं लागलं. का हलकं, हे विचारायला माझं स्वतःचं डोकं हवं होतं. ते अॅल्युमिनियमचं होतं, आणि अॅल्युमिनियमला कॉस्टिक खातं.

हेड पिंपात सोडलं आणि चहाच्या दुसऱ्या घोटाला झाकण उडालं. पिंप फुत्कारत होतं, करडा फेस जमिनीवर सांडून फरशी चावत होता, वाफेने घसा सोलला. मी आकडा घालून हेड ओढायला गेले आणि कोपरापर्यंत हात भाजून घेतला. कातडी पदराला चिकटून आली.

तेवढ्यात नवरा आला, मागोमाग टॅक्सीवाला. नवऱ्याने लाथ घालून पिंप आडवं केलं. हेड घरंगळत बाहेर आलं, काळंठिक्कर, कसर लागल्यासारखं.

टॅक्सीवाल्याने नवऱ्याची कॉलर धरली आणि त्याचं तोंड मडगार्डवर आपटलं. एकदा, दोनदा. "घर नदीने खाल्लं, गाडी तू खाल्लीस!" मडगार्डवर रक्त सांडलं. माझी चूक आहे, एवढं बोलले असते तरी पुरे होतं. पण मी सतरा नंबरचा पाना उचलला आणि ज्याचं वाटोळं केलं त्याच्याच कानावर हाणला.

तो मटकन खाली बसला. बोटांतून रक्त गळत होतं आणि तो लहान मुलासारखा रडत होता. तेव्हा कुठे मला वाचा फुटली. "ह्यांनी नाही हो दादा, मी घातलं ते."

भंगारातून दुसरं हेड शोधलं, अंबरनाथला नेऊन त्याचं बूड सपाट करून आणलं. बाकी मी केलं. रॉकेल, ब्रश, चिकटलेला कोळसा खरवडायला लाकडी पट्टी. मग एकेक वॉल्व्ह खरखरीत पेस्ट लावून, काठी दोन्ही तळव्यांत फिरवत त्याच्या बैठकीवर घासायचा. आठ वॉल्व्ह. भाजलेल्या हाताचे फोड फुटत होते. मी दात खाऊन घासत होते, जणू माझंच थोबाड घासतेय. टॅक्सीवाला रोज येई, कानाला पट्टी, दाराबाहेर टायरवर बसे.

नवव्या दिवशी नवऱ्याने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, काळा धूर ओकलं आणि लागलं. टॅक्सीवाला उठला, पण उंबऱ्याच्या आत येईना. मी नट आवळून तशीच उभी होते. तो तिथूनच म्हणाला,

"वहिनी, गाडी झकास बोलतेय. पुढच्या पुराला पण इथंच आणीन. पण आधी तो पाना खाली ठेवा."