दोन धारा बघून घेतलेली गाडी

आमच्या मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आयुष्यभर म्हशी पारखल्या. रंकाळ्याच्या अलीकडं आमची पेठ, घरामागं गोठा, आणि आसपास कुणाला म्हैस घ्यायची असली की माणूस आधी आमच्या दारात यायचा. त्यामुळं घरात जुनी मोटार घ्यायची ठरल्यावर ती कोण पारखणार हा प्रश्नच नव्हता. आम्हाला कुणी विचारलंच नाही म्हणा ना!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोटार काही हौसेनं घ्यायची नव्हती. कळंब्याच्या पुढं एका खेड्यातल्या शाळेत मी शिकवायची, रोज यष्टीनं जायची. एका सकाळी गर्दीत पायरीवरनं पाय निसटला आणि डाव्या गुडघ्याची वाटी फुटली. प्लास्टर निघालं, पण गुडघा पुरता वाकेना. राजारामपुरीतले आमचे डॉक्टर, म्हातारे मुसलमान गृहस्थ, स्पष्टच म्हणाले, "बेटा, यष्टी विसरा आता. पुन्हा पडलात तर माझ्या हातात काही राहणार नाही." शाळेचे चिटणीस त्याहून स्पष्ट. दिवाळीची सुट्टी संपली की हजर व्हा, नाहीतर जागा भरावी लागेल, असा त्यांचा निरोप आला.

मला ती नोकरी हवी होती. पगार हवा होताच, पण वर्गात उभी राहिले की मला माझी ओळख पटायची, ते जास्त हवं होतं. घरात पडून पडून मी सगळ्यांवर इतकी खेकसायला लागले होते की माझी मलाच लाज वाटायची.

आमचे हे शिरोलीच्या फाउंड्रीत, पाळीच्या कामावर. मला सोडणं-आणणं त्यांना शक्य नव्हतं. मोटार चालवायची तर मीच. आणि मला येत होती की! माझे वडील साखर कारखान्याची जीप चालवायचे. त्यांनी लग्नाआधी उसाच्या फडातनं जाणाऱ्या रस्त्यावर मला शिकवलेली. माहेरहून हुंडा काही आणला नाही, लायसन्स तेवढं आणलं. ते इतकी वर्षं ट्रंकेत साड्यांखाली पडून होतं.

बघण्यात दोन गाड्या होत्या. एक गुळाच्या एका अडत्याची पांढरी अँबॅसिडर. दुसरी आमच्या डॉक्टरांचीच छोटी, दोन दारांची हेराल्ड. नजर अधू झाल्यामुळं त्यांनी चालवणं सोडलं होतं. मामंजींनी अँबॅसिडरच्या पाठीवरनं हात फिरवला, चाकाला लाथ घातली, वाकून खाली बघितलं आणि जाहीर केलं, "काय अंग हाय! सगळं घरदार बसून जोतिबाला जाईल." हेराल्डकडं बघून मात्र ते हसलेच. "ही शेळी हाय गं पोरी. शेळीसाठी कुणी गोठा बांधतंय व्हय?"

"मामंजी, मला एकदा चालवून तर बघू दे," मी म्हटलं.

"बघ की! दोन धारा बघितल्याबिगर मी म्हस घेतोय व्हय?"

आमच्याकडं म्हैस घेताना दोन वेळच्या धारा बघायची रीत आहे. एक संध्याकाळची, एक सकाळची. तोवर म्हैस आपल्या दावणीला बांधायची, पण व्यवहार पक्का नाही. नाही पटली तर परत न्यायची, कुणी राग धरायचा नाही. अडत्याही शेतकऱ्याच्या घरचा. त्यानं हसत हसत कबूल केलं, आणि त्याचा ड्रायव्हर लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गाडी आमच्या दारात लावून गेला.

दुसऱ्या दिवशी पाडवा. पाडव्याला आमच्या पेठेत म्हशी मिरवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांचे पट्टे बांधायचे, डोक्याला मोरपिसं लावायची. मामंजींनी म्हशी सजवल्या आणि त्याच भरात एक कवड्यांचा पट्टा मोटारीच्या नाकावर बांधला, वर मोरपीस खोवलं, झेंडूचा हार घातला. झालं! सारी पेठ बघायला लोटली. मामंजींनी मोटार घेतली म्हणून ज्यानं त्यानं त्यांच्या पाठीवर थाप मारली, आणि त्यांनीही पेढे वाटले. दुसऱ्या कुणी धार बघायच्या आधी म्हशीचे पेढे वाटले असते तर ह्याच मामंजींनी त्याची पार सालटी काढली असती.

दुपारी चौक मोकळा झाला तशी मी गाडीत बसले. क्लचवर पाय ठेवायचा तर गुडघा तेवढा वाकेना. सीट मागं सारली तर उजवा पाय ब्रेकला पुरेना. कशीबशी तिरकी बसून क्लच दाबायला गेले, तर पायात जोरच नाही. गाडीनं गचका दिला आणि बंद. पुन्हा गचका, पुन्हा बंद. कट्ट्यावरनं कुणीतरी ओरडलं, "वहिनी, शेपूट पिरगाळा की!" सगळे हसले, मीही हसले. मग उतरले, लंगडत गोठ्यात गेले आणि वैरणीच्या ढिगावर बसून ढसाढसा रडले. नोकरी गेली, दुसरं काही सुचेचना.

संध्याकाळच्या धारांना मामंजी आले. त्यांनी मला बघितलं. बादली घेऊन एका म्हशीखाली बसले आणि थोड्या वेळानं तशीच रिकामी बादली घेऊन उठले.

"ही बघ," ते म्हणाले. "तुझ्या सासूच्या हाताला बादली भरती. मला थेंब देत न्हाई. म्हस वाईट हाय का? न्हाई. माझा हात वाईट हाय का? न्हाई. जुळत न्हाई, एवढंच." मग आवाज चढवून, "ऊठ! तोंड धू. गाडी कुणी चालवायची? तू. मग जोतिबाचं बघायचं का तुझ्या पायाचं बघायचं? अक्कल गेलती माझी चरायला."

आणि मग त्यांनी जे केलं त्याचं मला आजही नवल वाटतं. साऱ्या पेठेसमोर स्वतःच्या हातानं त्या गाडीचा हार उतरवला, मोरपीस काढलं, कवड्यांचा पट्टा सोडला. अडत्याच्या ड्रायव्हरला बोलावून घेतलं आणि गाडी परत पोचवायला स्वतः गेले. पेढे खाल्लेली माणसं काय गप्प बसतात? परत येताना कट्ट्यावर कुणीतरी हटकलंच, "काय, सुनंला झेपली न्हाई व्हय गाडी?" मामंजी जागच्या जागी थांबले. "सुनंचं नाव काढायचं काम न्हाई. मलाच आवडली न्हाई. एवढं धूड रोज कोण धूत बसणार?" जन्मभर रोज म्हशी धुणारा माणूस हा! आमचे हे त्यांच्यासोबत होते म्हणून मला कळलं. मामंजी स्वतः ह्यातलं अक्षर बोलले नाहीत.

भाऊबीज झाल्यावर आम्ही राजारामपुरीला गेलो. डॉक्टरांच्या हेराल्डचं दार चांगलं रुंद. आधी बसायचं, मग पाय सावकाश आत घ्यायचा. सीट हवी तशी सरली. मी देवाचं नाव घेतलं आणि क्लचवर पाय ठेवला. दारातली चप्पल बाजूला सारावी तितक्या सहज तो खाली गेला.

"दबला! मामंजी, दबला की!" मी भर रस्त्यात ओरडले. डॉक्टर चष्मा पुसत हसत होते.

मग त्यांनी इंजिन दाखवायला बॉनेट उघडलं. त्या गाडीचं बॉनेट चाकांवरच्या पत्र्यासकट सगळंच्या सगळं पुढं कलंडतं. मामंजी दोन पावलं मागं सरले. "आगागागा! मुंडकंच निघालं की हो डाक्टर!" पण आत वाकून बघितल्यावर खूश झाले. सगळं हाताशी, चाकावर टेकून काम करता येईल असं. घरी आणली तर आमच्या अरुंद बोळात ती एका झटक्यात वळली. मामंजींनी मला ते पुन्हा पुन्हा करून दाखवायला लावलं. तरी रीत ती रीत. संध्याकाळची धार बघितली, सकाळच्या गारठ्यात चालू होते का ते बघितलं, आणि मगच डॉक्टरांना होकार कळवला. पेढे तर नाहीच, हारसुद्धा तोवर घातला नाही.

शाळा उघडली त्या दिवशी मामंजी फेटा बांधून शेजारी येऊन बसले. कळंब्याच्या रस्त्याला लागल्यावर मी गाडी जरा पळवली. किती दिवसांनी वारा लागत होता तोंडाला! मला गाणं म्हणावंसं वाटत होतं, आणि मामंजी दाराची मूठ घट्ट धरून बसले होते. घंटेच्या आधी पोचलो. मामंजी उतरले आणि फाटकात उभ्या असलेल्या चिटणीसांना म्हणाले, "आलीया बघा तुमची बाई. जागा भरली काय?"

मला वाटलं, पहिला दिवस म्हणून आले असतील. पण ते यष्टीनं घरी गेले, म्हशींचं वैरणपाणी केलं, आणि शाळा सुटायच्या वेळेला पुन्हा यष्टीनं येऊन शाळेसमोरच्या चिंचेखाली बसले. दुसऱ्या दिवशी तेच. पुढच्या आठवड्यातही तेच. सत्तरीच्या घरातला माणूस, तोही यष्टीत बहुतेक उभाच.

शेवटी एकदा परत येताना मी म्हटलं, "मामंजी, आता हात बसलाय माझा. कशाला हे हेलपाटे घालताय?"

"तुझा हात बसलाय गं," ते समोर बघत म्हणाले. "पर गाडी जुनी हाय. वाटंत बंद पडली तर तू त्या पायानं ढकलणार व्हय?"

माझ्या डोळ्यांना एकदम पाणी आलं. वडिलांनी मला गाडी शिकवली, पण ती माझ्या हातात ठेवली ह्या माणसानं. मला पुढचा रस्ता दिसेना, म्हणून गाडी कडेला घेऊन उभी केली.

"का गं, पडली व्हय बंद?" असं म्हणत मामंजी धोतर खोचून, दार उघडून, ढकलायला खाली उतरलेसुद्धा.