डॉक्टर नव्हते, म्हणून मी सुई दिली नाही

मंडळी, आज सकाळचं सांगते.

मी सातारा जिल्ह्यातल्या मलकापुरात सीटी स्कॅनला मदतनीस आहे. स्कॅनआधीचं औषध शिरेतून देताना डॉक्टर शेजारी हवेत, असा नियम आहे. आज ते सांगलीच्या सेंटरवर होते, फोन लागेना. तेवढ्यात सुट्टीवर आलेला एक फौजी पोटदुखीनं कळवळणाऱ्या आईला घेऊन आला.

"ताई, तुमी रोज बघताय की. द्या सुई, मी सही करतो."

"दादा, औषध अंगावर उठलं तर मला सांभाळता येणार नाही ओ. साताऱ्याला न्या, तिथं डॉक्टर असतात."

"आन् वाटंत आईला काय झालं तर?"

मी त्याचा नंबर तेवढा लिहून घेतला. त्यानं आईला उचललं, गाडी साताऱ्याकडं पळवली.

दुपारपासून फोन लावतेय, तो उचलत नाही. खरं सांगा, तुमची आई असती तर मी काय करायला हवं होतं?