सातव्या मजल्यावरचं पदक

इथे आखातात, अल मजाज भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर एक रशियन आजोबा लेकीकडे राहतात. सोव्हिएत काळात त्यांना विज्ञानासाठी सरकारी पारितोषिक मिळालं होतं. त्याचं सोनेरी पदक ते कचरा टाकायला जातानाही कोटावर लावतात. कोटाखाली हाफ पँट आणि रबरी चपला. लिफ्टमध्ये कुणी भेटलं की आधी पदक चाचपणार, मग "गुड मॉर्निंग" म्हणणार, संध्याकाळ असली तरी.

गणपतीत बिल्डिंगमधल्या मराठी घरांची मोदक स्पर्धा असते. गेल्या वर्षीच्या निकालावरून दोन घरं अजून बोलत नाहीत. म्हणून यंदा परीक्षक परका हवा होता. मी आजोबांना बोलावलं.

आजोबांनी डोळे मिटून मोदक खाल्ले आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला, "मदत कोणी केली?" शेवटी पहिला नंबर माझ्या बायकोला दिला. माणूस प्रामाणिक आहे, हे मला आधीपासून वाटत होतंच.

"आणि तुम्ही काय केलंत?" त्यांनी मला विचारलं.

"हा? सोफ्यावर बसून सूचना देत होता," बायको म्हणाली.

आजोबांचा चेहरा उजळला. "आमचं पारितोषिक सगळ्या टीमला मिळालं होतं. यादीत पहिलं नाव डायरेक्टरचं. तो लॅबमध्ये कधी फिरकलाच नाही!" असं म्हणत त्यांनी स्वतःचं पदक काढून माझ्या झब्ब्यावर लावलं.

हॉलभर टाळ्या पडल्या. मी लाजून पदक काढायला लागलो, तर बायकोने हात धरला.

"असू दे, शोभतंय. यल्ला, चल डायरेक्टर, आता भांडी घास."