सोयऱ्यांची दारं चुकवणारी वाट

ये गं, अशी जवळ बस. उंबऱ्यावर नको, इकडे खांबाला पाठ लाव. आणि आधी माझी बोलणी खा. मोटार घेऊन तुम्ही दोघं नवरा-बायको कर्जतहून खालापुरापर्यंत आडवाटेनं फिरायला निघणार, कुठं थांबायचं, काय बघायचं ते साऱ्या आळीला विचारून झालं, आणि जिचं लहानपण त्या वाटांवर गेलं त्या तुझ्या आजीला विचारायचं आज सुचलं होय? बरं, रागावत नाही. पण नवऱ्याला सांग, नुसता रस्ता बघून वाट आखत नसतात. वाटेत कुणाची दारं लागतात ते आधी बघतात.

आमचं घर भिवपुरीच्या अंगाला, डोंगराच्या पायाशी. माझ्या आईचं माहेर खालापुराच्या बाजूला, पाताळगंगेच्या काठी. तसं फार लांब नाही. पण सडकेनं निघालं की गावागणिक एक सोयरा. आणि आमच्यात रीत अशी, की सोयऱ्याच्या दारावरून गाडी गेली आणि माणसं उतरली नाहीत, तर तो अपमान. आठ दिवसांत निरोप यायचा, "आमची भाकर कडू लागती काय?" बरं, उतरलं तर पाणी पिऊन कोण सोडतंय? बैल सोडायचे, कोंबडी धरायला पोरं धावायची, आणि मुक्काम पडायचा. आदल्या साली असंच झालं. दारोदार पाहुणचार खात आई माहेरी पोचली तेव्हा तिची सासरची रजा सरत आली होती. माझ्या आजोळच्या आजीनं तिच्या डोक्याला तेल घातलं, पण वेणी घालायची राहिलीच. गाडी जुंपून दारात उभी होती ना! आई येताना सबंध वाट मोकळे केस मुठीत धरून बसली होती.

पुढच्या साली झोडणी आटोपली, भात कणगीत पडलं, आणि बाची आई, म्हणजे आमची घरची आजी, म्हणाली, "जा बाय माहेराला. पन होळी पेटायच्या आत या दारात दिसली पायजेस." होळी काही लांब नव्हती. आईनं मान हलवली आणि तशीच सूप घेऊन ओटीवर तांदूळ निवडायला बसली. ती मनात काय मोजत होती ते मला कळत होतं, आणि बालाही कळत होतं. बा तोंडानं कधी गोड बोलला नाही. त्या दिवशी मात्र मूठभर चिंचोके घेऊन तिच्यासमोर येऊन बसला आणि जमिनीवर ओळीनं मांडायला लागला.

"ही सडक. हितं तुझी मावससासू. हितं माझा साडू. ह्यो चुलता, ह्यो मामा."

"मंग आपून हवेतनं जायाचं काय?" आई सुपातून डोकं वर न करता म्हणाली.

"हवेतनं कशाला? डोंगराच्या कडंनं जाऊ." त्यानं सगळे चिंचोके एका फटक्यात बाजूला सारले आणि बोटानं वाकडीतिकडी रेघ ओढली. "नदी वरच्या उतारानं वलांडू. मंग ठाकरवाडी. मंग पळसदरीच्या तळ्यामागनं खिंडीत. सोयरा एकबी नाय!"

"नि आतेचं गाव?"

ही आते म्हणजे त्याच्या बापाची बहीण. आमचं घर तिचं माहेर. घरच्या आजीची एकुलती एक नणंद, आणि आजी अख्ख्या गोतात एकट्या तिला दबून असायची.

"वाट तिच्या गावाच्या अलीकडंच डोंगराला लागती," बा म्हणाला. "तिला आपली धूळबी दिसायची नाय."

एवढ्यावर थांबला नाही तो. निघायच्या पहाटे बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा काढून गाडीतल्या पेंढ्यात दडवल्या. आवाजावरून आमची गाडी ओळखणारी माणसं फार. आईला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून म्हणाली, "माहेराला चाललोत का चोरीला?"

पण काय वाट होती ती, पोरी! सडकेला त्या दिवसांत विजेच्या कामाच्या गाड्यांची रीघ, धुरळ्यानं झाडं पांढरी झालेली. आणि इकडे डोंगराकडेला सगळा पळस फुललेला, पानं नावाला नाहीत, नुसता शेंदरी. नदीच्या उतारावर पाणी चाकाच्या आऱ्यांपर्यंत, तळचे गोटे दिसत होते. ठाकरवाडीशी एक म्हातारी मोहाची फुलं वेचत होती, तिनं माझ्या ओंजळीत फुलं घातली आणि झरा दाखवला. कातळाच्या फटीतनं करंगळीएवढी धार, पण दात शिवशिवतील इतकी गार. तिथं आम्ही तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खाल्ली. आई गाणं गुणगुणत होती. बा म्हणाला, "आरामात खा. कुनी वाट बघत नाय आपली." त्या थांब्यावर नक्की थांबा. झरा अजून असेल.

तळ्याला वळसा घातला आणि दोन वाटा फुटल्या. एक खिंडीकडे, एक आतेच्या गावाकडे. बानं कासरा खिंडीकडे ओढला. ढवळा वळला. तांबडा वळेना. मान ताठ, कान पुढे. आणि एकदम काय झालं कुणास ठाऊक, त्यानं ढवळ्याला ओढत सरळ गावाची वाट धरली! बा "हो हो" करतोय, शेपटी पिरगाळतोय, आई मला धरून बसलीय, आणि गाडी दुडक्या चालीनं चाललीय. तेव्हा कुठं बाच्या ध्यानात आलं. कपाळावर हात मारून म्हणाला, "अगं, ह्यो तर आतेच्या गोठ्यातला!" वासरू असताना आतेनंच तो दिला होता. बानं साऱ्या माणसांचे सोयरे मोजले, बैलाचं माहेर मोजायचं राहिलं.

तांबडा थांबला तो आतेच्या गोठ्याच्या तोंडाशीच. आते शेणाचे हात घेऊन बाहेर आली. उंच, काटक, विधवा बाई. तिनं आधी बैलाच्या वशिंडावरून हात फिरवला, मग त्याच्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं, मग बाच्या तोंडाकडे.

"माळ कुटं रं याची?"

"तुटली, आते. तुलाच भेटाया आलो."

"खोटं नको बोलू. ह्यो वाटनं वळला म्हणून तू आलास. ह्याला तरी घर आठवतंय."

बानं मान खाली घातली. आई उतरून पाया पडली, पण माहेरी न्यायचं पापडांचं गाठोडं तिनं काखेतनं काही खाली ठेवलं नाही. आतेनं ते पाहिलं.

"माहेराला चाललीस?"

"व्हय."

"कवा परत?"

"होळीच्या आत." आणि आईच्या डोळ्यांतनं पाणीच आलं. आते आता ठेवून घेणार, मग उद्या दुपार, मग निघणार, मग पुन्हा ती जुंपलेली गाडी. सगळं तिला दिसत असणार.

आते ओटीवर टेकली. "मलाबी माहेर हाय गं. तुझ्याच घरात. तिथनं गाडी निघती नि माझ्या दाराला चुकवून जाती. मला कुनी न्यायचं?"

आईच पुढे झाली, तिच्या शेजारी बसली. "मी नेते. येताना तुमाला घेऊनच जाते. पन तुमी तवर..."

"मी तवर काय? मी तुला अडवून ठेवलीय!" आते हसली. "आजच निरोप धाडते तुझ्या सासूला. म्हणावं, सुनंला मी ठेवून घेतली, होळी झाली की घेऊन येते. बोलती का बघू मला. आता पळा, उजेड हाय तवर खिंड वलांडा."

गुळपाणी देऊन तिनं आम्हाला खरंच घालवून दिलं. तांबडा तेवढा जायला तयार नव्हता.

त्या साली आईची होळी माहेरात झाली. रोज वेणी, रोज नवी. दुपारी ती आंब्याखाली पाय पसरून झोपायची. आईला दिवसा झोपलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. परत आलो तर घरची आजी कमरेवर हात ठेवून दारात उभी. गाडीतनं आधी आते उतरली. आजीचे हात खाली आले, आणि पाय धुवायला पाणी आणायला ती स्वतः आत गेली. आते मग पुढल्या पुनवेपर्यंत हलली नाही. तेवढे दिवस आजीचा आवाज कुणी ऐकला नाही. आणि दर साली बा तिला न्यायला जायचा, घुंगुरमाळा वाजवत.

तर अशी ती वाट. मोटार जाईल की नाही नातजावयालाच बघू दे, नाहीतर चाला थोडं. पण माझं दार त्या वाटेवर नाही, म्हणून मुद्दाम वाट वाकडी करायची. आणि आजच्यासारखं उभ्याउभ्या नाही, दोघांनी दोन रात्री राहायचं. वालाच्या शेंगा कोवळ्या आहेत, मडक्यात भरून शेकोटीत पोपटी लावू. त्या जून व्हायच्या आत ये. लवकर ये हो.