युवा नेतृत्वाचा आधारस्तंभ होतो तेव्हा

"ह्यो कोण हो मॅडम?" विलासदादांनी विचारलं.

स्क्रीनवर विलासदादाच होते.

चूक माझी होती. मला उघडायची होती गेल्या वर्षीची फाईल आणि उघडली भलतीच. दोन्ही फाईलींचं नाव 'विलासदादा वाढदिवस'. पुढचं बारीक अक्षर वाचायला चष्मा लागतो आणि तो त्या वेळी माझ्या डोक्यावर होता. तो डोळ्यांवर असायला हवा, हे मला हल्ली जरा उशिराच आठवतं.

मी राजारामपुरीत डिझायनिंगचं दुकान चालवते. बाकीचे लोक ज्याला फ्लेक्स म्हणतात, त्याला आमच्या कोल्हापुरात डिजिटल म्हणतात. वाढदिवस, निवड, दहावीचा निकाल, फुटबॉलचा कप, आम्हाला कशालाही डिजिटल लागतं. मी एकदा एका म्हशीच्या वाढदिवसाचंही केलं आहे. म्हशीने एकही दुरुस्ती सांगितली नाही, म्हणून ते काम चांगलं लक्षात राहिलं.

वाढदिवसाच्या डिजिटलची एक रीत आहे. खाली 'शुभेच्छुक मित्रमंडळ' असं लिहिलेलं असतं, म्हणजे मित्रांनी प्रेमाने लावलं असं लोकांनी समजायचं. प्रत्यक्षात ज्याचा वाढदिवस असतो तोच आठ दिवस आधी माझ्याकडे येतो, खुर्ची ओढून बसतो आणि स्वतःला शुभेच्छा देतो. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही. विलासदादाही दरवर्षी असेच यायचे. शिवाजी पेठेतल्या एका मंडळाचे ते वीस वर्षं अध्यक्ष. गणपतीचा मांडव, रक्तदान, फुटबॉल टीमची किट, महापुरात घरोघरी दूध पोचवणं, सगळं त्यांच्या अंगावर. माणूस मोठ्या आवाजाचा, पण मनाचा साफ.

त्यांचा फोटो ठरलेला होता. काळा गॉगल, मानेला जरासा झटका, कानाला मोबाईल. कागलला कुणाच्या तरी लग्नात काढलेला, त्यालाही दहा-बारा वर्षं झाली असतील. दरवर्षी मी तेच डोकं नव्या अंगावर बसवत असे. आमच्याकडे तयार 'बॉडी' असतात, म्हणजे कोट, जाकीट, खादीचा शर्ट घातलेली, मुंडकं नसलेली माणसं. त्यावर गिऱ्हाइकाचा चेहरा कापून लावायचा. मग चेहरा 'स्मूथ' मारायचा, म्हणजे सुरकुत्या, डाग पुसून काढायचे. इतक्या वर्षांच्या स्मूथनंतर दादांच्या गालावर नाकाची सावलीसुद्धा उरली नव्हती. गेल्या वर्षी परगावचे एक पाहुणे त्या डिजिटलखाली उभ्या असलेल्या दादांना म्हणाले, "ह्ये तुमचं धाकटं भाऊ व्हय?" ही गोष्ट दादांनी स्वतः मला दुकानात येऊन सांगितली, आणि मोठ्या खुशीत सांगितली.

या वर्षी मात्र घोटाळा झाला. दादा यायच्या आधी मंडळाची पोरं येऊन गेली. रोहित नावाचा पोरगा पुढं होता. म्हणाला, "काकू, या सालचं डिजिटल आमीच करणार. दादाला कळू द्यायचं न्हाय."

काकू! गेल्या वर्षापर्यंत हाच मला ताई म्हणायचा. त्या दिवशी माझ्याकडून एका नवरदेवाच्या फोटोला चुकून दोन वेळा टिळा लागला.

तर पोरांची फाईल मी केली होती. खुद्द मित्रमंडळाने केलेलं वाढदिवसाचं डिजिटल मी पहिल्यांदाच पाहत होते. दादांना काय सांगायचं ते मी ठरवलं नव्हतं. चौकात जागा एकाच डिजिटलची. गेल्या वर्षीची फाईल दाखवून वेळ मारून न्यावी, असा बेत होता. तो चष्म्याने हाणून पाडला.

"तुम्हीच आहात दादा," मी म्हटलं.

"मी? ह्यो?"

पोरांनी आणलेला फोटो मैदानावरचा होता. दादा दोरीच्या बाहेर उभे राहून आपल्या टीमवर ओरडत होते. केस पिकलेले, शर्टाची बटणं ताणलेली, तोंड उघडं. धंद्याच्या हिशेबाने सांगते, फोटो उत्तम होता. माणूस जिवंत दिसत होता.

"ऊन पडलंय तिथं," दादा म्हणाले. "म्हणून केसं पांढरी दिसाल्यात."

"बरं."

"आन् वारं हाय. शर्ट फुगलाय."

"दादा, वारं समोरून आलं तर शर्ट आत जातो."

"मागनं आलंय."

मला हसायचा अधिकार नव्हता. माझ्या व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीवर मी अजून लांब वेणी घालते.

मग दादांनी मोठ्या अक्षरातली ओळ वाचली आणि त्यांचा आवाज उतरला. "आधारस्तंभ?"

इथे थोडं समजावून सांगायला हवं. आमच्या धंद्यात माणसाचं वय जन्मतारखेवरून कळत नाही, नावाआधीच्या बिरुदावरून कळतं. पहिल्यांदा तो 'युवा कार्यकर्ता' असतो. मग 'युवा नेतृत्व'. हा मुक्काम बराच लांबवता येतो, पन्नाशीपर्यंत ओढलेले लोक माझ्याकडे आहेत. त्यानंतर 'मार्गदर्शक', मग 'आधारस्तंभ', मग 'प्रेरणास्थान'. प्रेरणास्थानाच्या पुढच्या पायरीला फोटोला हार लागतो. दादा गेल्या सालापर्यंत युवा नेतृत्व होते. पोरांनी त्यांना मधली पायरी गाळून थेट आधारस्तंभावर नेलं होतं.

"म्हंजे मला बाजूला काढायल्यात," दादा म्हणाले.

"असं कसं दादा?"

"मला समजतंय की. रविवारी मिटिंग लावलीया. मी म्हटलं सालाबादची असंल. ही भानगड हाय व्हय? अध्यक्ष बदलायचा, आन् जुन्याला आधारस्तंभ म्हणून कोपऱ्यात उभा करायचा."

मला त्यांचं खरंच वाईट वाटलं. मघापर्यंत गंमत होती, आता नव्हती. वीस वर्षं ज्या पोरांच्या शाळेच्या फीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत दादा धावले, त्यांनी आपल्याला न विचारता आपला निकाल लावला, असं त्यांना वाटत होतं. त्यात भर म्हणजे बातमी फुटली माझ्या दुकानात, माझ्या हातून. दादा इथून उठून चौकात गेले असते, तर दहा मिनिटांत भांडण झालं असतं आणि मंडळाचे दोन तुकडे झाले असते. आमच्याकडे मंडळं एवढ्या-तेवढ्यावरून फुटतात.

"थांबा, त्या रोहित्याला फोन लावतो," दादांनी मोबाईल काढला. नाव शोधायला मोबाईल लांब धरला. आणखी लांब धरला. मग जवळ आणला. मग खिडकीकडे तोंड केलं.

"चष्मा देऊ?"

"मला न्हाय चष्मा."

"मला पण नव्हता. घ्या."

शेवटी घेतला. माझी फ्रेम जांभळी, कडेला दोन खडे. शिवाजी पेठेचे अध्यक्ष ती घालून माझ्यासमोर बसले. फोनात रोहितचं नाव सापडलं. तो लावण्याआधी त्यांनी रागारागाने पुन्हा एकदा स्क्रीनकडे बघितलं, अगदी वाकून, आणि बोट तसंच राहिलं.

डिजिटलच्या तळाला शुभेच्छुकांची ओळ असते. अंगठ्याएवढे चेहरे, खाली मुंगीएवढी नावं. कुणी वाचत नाही, पण एकाचं जरी राहिलं तर वर्षभर बोलणी खावी लागतात. दादांचं लक्ष त्या ओळीतल्या उजवीकडून तिसऱ्या चेहऱ्यावर होतं.

"ह्यो आमचा ओंकार न्हवं?"

"हो."

ओंकार त्यांचा थोरला. इंजिनिअरिंगला आहे. मंडळ म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असं त्याचं मत, आणि ते तो बापाच्या तोंडावर बोलून दाखवायचा. दरवर्षी दादा मला सांगायचे, खालच्या ओळीत ओंकारचा फोटो घाला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन यायचा, "मॅडम, त्येवढा ओंकारचा काढा. त्यो नगं म्हंतोय." मी काढायची. शेजारचे चेहरे सरकवून जागा भरायची.

"दाढी कदी राखली ह्यानं?" दादा म्हणाले. एकाच घरात राहून त्यांना हे स्क्रीनवर दिसत होतं. "ह्याला कुणी घातला हितं?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. पोरांकडून कळलेलं सगळं मी सांगून टाकलं. ओंकार गेले काही महिने दादांची नजर चुकवून मंडळात येत होता. टीमच्या मॅचचे व्हिडिओ तोच काढायचा. घरी सांगू नका, अशी त्याने पोरांना ताकीद दिली होती. इतकी वर्षं नावं ठेवली, आता कुठल्या तोंडाने सांगणार? मैदानावरचा तो फोटोही त्यानेच गर्दीत उभं राहून काढलेला.

"आन् आधारस्तंभ?"

"तेही त्याच्यामुळेच. मी पोरांना विचारलं होतं, युवा नेतृत्वच ठेवू ना? तर रोहित म्हणाला, ओंकारच्या नावाखाली युवा कार्यकर्ता लिवायचंय. बाप बी युवा आन् लेक बी युवा, एकाच डिजिटलवर कसं दिसंल ते? लोक हसतील की."

दादांनी पुन्हा एकदा वाकून त्या दाढीकडे बघितलं. मग त्यांना हसू फुटलं. आधी नुसतं पोट हललं, मग आवाज आला, इतका की शेजारच्या झेरॉक्सवाल्याने डोकावून बघितलं. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. हसून आलेलं पाणी की दुसरं, ते मी विचारलं नाही. माझेही डोळे भरून आले होते.

"बरोबर हाय की ओ त्येचं," ते म्हणाले. "दोघं युवा कसं चालतील?"

मी विचारलं, "मग ही फाईल फायनल?"

"फायनल. पर त्याचा फोटो एवढा बारीक का केलाय?"

"खालच्या ओळीला तेवढीच जागा असते दादा. वरचा मुख्य फोटो मोठा घ्यावा लागतो."

"मग वरचा बारीक करा की."

मी पुन्हा विचारलं. ऐकण्यात चूक होत असेल असं वाटलं. माझ्या खुर्चीशेजारी बसून आजवर शेकडो लोकांनी मला फोटो मोठा करायला लावला आहे. पुढाऱ्यांनी लावला, डॉक्टरांनी लावला, एका साधूनेही लावला. स्वतःचा लहान करा म्हणणारं हे पहिलंच गिऱ्हाईक.

मी दादांना एक चतुर्थांशाने कमी केलं. खालची ओळ वर चढली, चेहरे नीट दिसायला लागले. ओंकारच्या दाढीतला विरळ पट्टाही दिसायला लागला. तो दादांनी तसाच ठेवायला सांगितला. जाताना दारातून परत आले. "मी आलतो म्हणून सांगू नगा कुणाला. आन् मिशी तेवढी काळी मारा." मी मिशी काळी केली. केसांना हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी रोहितचा फोन. "काकू, दादा बारीक कसं काय झालं ओ?"

"मशीनचा प्रॉब्लेम," मी म्हटलं.

वाढदिवसाच्या सकाळी मी मुद्दाम चौकातून गाडी घेतली. दादा डिजिटलखाली उभे राहून, तोंडावर हात ठेवून, आश्चर्याचा धक्का बसल्याचा अभिनय करत होते. अभिनय अत्यंत वाईट होता. पोरांना तो खरा वाटला. ओंकार मोबाईलवर शूटिंग करत होता आणि दादा अधूनमधून नजर चुकवून फक्त त्याच्याकडे बघत होते.

रविवारच्या मिटिंगला अध्यक्ष बदललाच. दादांची भीती अगदीच खोटी नव्हती. मात्र रोहितचं नाव त्यांनीच सुचवलं, आणि घरी जाऊन दोन दिवस नीट जेवले नाहीत, असं मला त्यांच्या पत्नीकडून कळलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाप-लेक एका गाडीवरून प्रॅक्टिस बघायला गेले, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

या प्रकरणातून मी धंद्यापुरता एक धडा घेतला. चाळिशी ओलांडलेल्या गिऱ्हाइकाला फाईल दाखवताना मी आता स्क्रीनवर त्याचा चेहरा आधी आणत नाही. आधी खालची ओळ मोठी करून दाखवते. आपली माणसं सापडेपर्यंत तो तिथेच रमतो. मग वरचा फोटो दाखवला की दुरुस्त्या निम्म्याने कमी येतात.